मंदे, तुझी शील्ड खुराड्याला ठोकली

मंदे, तू अबोला धरून गेलीस आणि हे मी तुला माफ करणार नाही. भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुझी खोड जुनीच. शाळेत होतीस तेव्हाही हरायला आलीस की दप्तर उचलून चालू पडायचीस आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी डब्यातली चटणी पुढे करायचीस. मीही त्या दुसऱ्या दिवसाची वाट बघत बसले होते. या खेपेला तो आलाच नाही. तेव्हा आता मी बोलणार आणि तू ऐकायचंस. मध्ये तोंड घालायची सोय तुला राहिलेली नाही.

तुला जाऊन महिना होत आला आणि गावात सगळे तुझ्याबद्दल एकच बोलतात. "काही नव्हतं हो तिला. चालती-बोलती, धडधाकट बाई. देवाने नेली." दूधवाला तेच बोलतो, देवळातले गुरव तेच बोलतात, तुझ्या माहेरची माणसं निर्मळहून आली तीही तेच बोलून गेली. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं आयुष्यच तेवढं होतं. मी दरवेळी दात आवळून उभी असते. काही नव्हतं म्हणे. तुला प्रेशर होतं मंदे, इतकं होतं की दाताच्या डॉक्टरने तुझ्या दाताला हात लावला नाही. हे एकदा, फक्त एकदा, तुझ्या घरच्या माणसाने चारचौघांत म्हणावं, एवढंच मला हवं होतं. रडायचं ते मी माझं मोगऱ्यात बसून रडून घेतलं. ते संपलं. आता राग उरलाय आणि तो मी जपून वापरणार आहे.

तू निर्मळची, मी गासची. एका बाकावरच्या दोघी एकाच गावात, एकाच आळीत सुना म्हणून आलो. विहिरीची आळी, समोरासमोर घरं, मागे तुझी चाफ्याची वाडी आणि माझी मोगऱ्याची. पोरं मोठी झाली, विरारला फ्लॅट घेऊन गेली. आपले नवरे ओटीवर बसून पोटं वाढवत राहिले. मग तुझ्या चुलत सासऱ्यांचं साखरेपायी पाऊल कापलं आणि तुला गाव सुधारायचं खूळ लागलं. आरोग्य केंद्रातली सिस्टर तुला सहज बोलून गेली होती, "गोळ्या देऊन देऊन मी दमले ताई, तुम्ही बायका चुलीपासून काही करता का बघा." तिला काय माहीत तू कोण आहेस ते.

इथे मला तुझं कौतुक करावं लागणार आणि रागात असताना कौतुक करायला जिवावर येतं. पण खोटं बोलणार नाही. पहाटे दारावर थापा मारून तू आख्ख्या आळीच्या बायका उठवल्यास आणि खाडीकडच्या बांधावर चालायला नेल्यास. कोणी साडीत, कोणी गाऊनवर ओढणी टाकून, कोणी नवऱ्याच्या चपला घालून. नाक्यावर बसलेले म्हणायचे, "मोर्चा कुठे निघाला?" तू म्हणायचीस, "तुमच्याच तेराव्याला यायचंय, त्याची तयारी करतोय." पुढे त्यांच्यातलेही काही मागून चालू लागले. बांधावर दिवे नव्हते, साप निघायचे, तर तू महापालिकेच्या माणसाला एका पहाटे बरोबर चालायला लावलंस. दिवे लागले. ते अजून लागतात.

आणि मीठ. तुझ्या पुतण्याच्या हळदीला तू पानात मीठ वाढू दिलं नाहीस. केळीचं पान मांडलं की आधी वरच्या कोपऱ्यात मीठ, ही आपली रीत. वाढप्याच्या हातातली मिठाची वाटी तू काढून घेतलीस आणि कमरेला पदर खोचून पंगतीच्या तोंडाशी उभी राहिलीस. म्हातारे भडकले. "ही काय आजाऱ्यांची पंगत आहे?" तू म्हणालीस, "मीठ भाजीत आहे, आमटीत आहे, लोणच्यात आहे, पापडात आहे. वर आणखी कशाला हवंय, जखमेवर चोळायला?" तुझ्या सासूबाई, ज्यांना सगळी आळी मोठीआई म्हणते, तुझ्याशी कितीतरी दिवस धड बोलल्या नाहीत. सुनेने लग्नघराची चव घालवली म्हणाल्या. पण पुढच्या हळदीला वाटी आपोआप आली नाही, आणि त्याच्या पुढच्या हळदीला कोणी मागितलीही नाही. आचाऱ्याला तेल कमी टाकायला लावलंस तेव्हा तर मी स्वतः पातेल्याशी पहारा दिला होता. मला तुझा अभिमान वाटत होता, मेले. तोंडावर कधी बोलले नाही, कारण तू आधीच हवेत असायचीस.

मग रमाकांत आला.

रमाकांत म्हणजे मंडळाचा अध्यक्ष. पुढच्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचं म्हणून गावातल्या प्रत्येक बारशाला हजर असणारा. त्याने बायकांची रांग बघितली आणि त्याला फोटो दिसला. त्याने स्पर्धा काढली, निरोगी आळी. वर्षातून एकदा शाळेत शिबिर. आरोग्य केंद्राने फक्त प्रेशर आणि शुगर मोजायची, बाकी कारभार मंडळाचा. ज्याचं जास्त निघेल त्याला मंडळ लाल कार्ड देणार. ज्या आळीत लाल कार्डं सगळ्यांत कमी, त्या आळीला शील्ड. लाकडी, वर मखमल, पितळेची अक्षरं. तू विहिरीच्या आळीची कॅप्टन, फिलोमिना क्रुसाच्या आळीची.

मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, "कमी आजारी निघाले तर बक्षीस? अगं, मग लोक आजार काढतील की झाकतील?"

"शाले, तुला सगळ्यात खोट दिसते," तू म्हणालीस. "आजाराच्या भीतीने या गावात कोणी अंथरुणातून उठत नाही. पण क्रुसाची आळी जिंकेल म्हटलं की सगळे उठतात."

हा वाद आपण बांधावर चालता चालता किती वेळा घातला असेल. पहिल्या वर्षी तू खरी ठरलीस. लोक खरंच उठले, खरंच चालले, आपण खरंच जिंकलो. शील्ड तुझ्या ओटीवर लागली. तू तिला रोज फडका मारायचीस. मंदे, तिला फडका मारायला लागलीस तिथेच सगळं फिसकटलं.

कारण दुसऱ्या वर्षी ती जाऊ द्यायची नव्हती. मोठीआईंना साखर असणार हे तुला ठाऊक होतं, त्या रात्रीतून किती वेळा उठतात ते तूच मला सांगायचीस. शिबिराच्या दिवशी त्यांना तू विरारला नातीकडे पाठवलंस. शेजारच्या काकांना अचानक कोणाचं तरी वर्षश्राद्ध निघालं. कोपऱ्यावरचा सुतार आठवडाभर कारल्याचा रस पिऊन आणि भात सोडून मशीनसमोर बसला आणि पास झाला म्हणून संध्याकाळी बासुंदी प्याला. मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की फुटके डबे माळ्यावर टाकतात, तशी तुम्ही माणसं माळ्यावर टाकलीत. आणि कोणाला त्यात काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. आळीची अब्रू होती ना.

मलाही सांगून बघितलंस. मी कितीतरी वर्षं प्रेशरची गोळी घेते, दर गुरुवारी आरोग्य केंद्राच्या बाकावर सगळ्यांसमोर बसते. शेजारी फिलोमिना असते, तीही गोळीवाली, आणि ती कॅप्टन असूनही लपत नाही. तू म्हणालीस, "एक दिवस माहेरी जा ना गं." मी म्हटलं, "माझं माहेर गास. सायकलवर टांग टाकली की येतं. तिथे काय लपू?" मी शिबिराला गेले, लाल कार्ड घेतलं आणि पदराला पिन करून आळीभर फिरले. तू चिडून लाल झालीस. आळीत मला डाग म्हणायला लागले. तुझी लाडकी आळी.

मग यंदा, तिसऱ्या शिबिराच्या तोंडावर, तो दात. दाढ ठणकत होती म्हणून मी तुला रिक्षात घालून नालासोपाऱ्याला नेलं. डॉक्टरने काढायच्या आधी प्रेशर घेतलं, पुन्हा घेतलं, मग हातातलं अवजार खाली ठेवलं. म्हणाला, "बाई, दात राहू द्या, आधी हे बघा. आजच्या आज गोळी सुरू करा." परतीच्या रिक्षात तू गालाला रुमाल लावून बसली होतीस. उतरताना म्हणालीस, "शिबिर होऊ दे. मग घेते."

"आज घे."

"गुरुवारी त्या बाकावर बसले तर गावभर होईल. शिबिर तोंडावर आलंय."

"मग बाहेरून विकत घे."

"आणि हे विचारतील कसली गोळी. मोठीआई आळीभर करतील. शिबिर होऊ दे म्हटलं ना."

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे. त्याच दिवशी मी तुझ्या नवऱ्याला सांगितलं. वसंतभावजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "ती म्हणते शिबिरानंतर घेईन. घेईल." मग मी रमाकांतकडे गेले. म्हटलं, "कॅप्टनलाच प्रेशर आहे. तुझी स्पर्धा गेली खड्ड्यात, तिला उद्या केंद्रात पाठव. तू म्हणालास तर ती ऐकेल." त्याने मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि हसत म्हणाला, "शालनकाकू, शिबिरापुरतं थांबूया ना. चालून येणारी शील्ड कशाला घालवायची? मी स्वतः ताईंना नंतर स्पेशालिस्टकडे नेतो." नंतर. मंदे, हा शब्द मी त्याच्या नावासमोर कोरून ठेवलाय.

त्याने तुला काय सांगायचं ते सांगितलंच असणार, कारण शिबिराच्या सकाळी तू घरात नव्हतीस. मोठीआईही नव्हत्या. मी भाच्याची स्कूटर काढायला लावली आणि थेट पाचूबंदर गाठलं, कारण तुझं डोकं कुठे जाईल ते मला कळतं. होड्या लागल्या होत्या, लिलाव ऐन भरात होता. तू बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखाली एका उलट्या टोपलीवर बसली होतीस, हातात रिकामी पिशवी. ओळखीची कोळीण मला म्हणाली, "बाय, ही कवापासून बसलीय. मासा घेत नाय, उठत नाय. पानी दिला तं पानी पन नको बोलली."

मी म्हटलं, "चल. शिबिर दुपारपर्यंत आहे."

"मासळी घ्यायला आलेय. संध्याकाळी आळीचं जेवण आहे."

"जिंकायच्या आधी जेवण?"

"जिंकणारच आहोत. तू एकटी लाल असलीस तरी जिंकतो." मग तुझा आवाज चढला. "तू ह्यांना सांगितलंस, रमाकांतला सांगितलंस. आता इथे भोंगा लावून सांग."

"सांगते. तुझ्या प्रेशरला कळतं का तुझं शिबिर कधी आहे ते?"

तू उठून उभी राहिलीस. "मी कॅप्टन आहे शाले. माझ्याच पदराला लाल कार्ड लागलं तर उद्या पहाटे माझ्यामागून कोण चालेल? म्हणतील, हिने एवढं चालून, एवढं मीठ तोडून हिचंच हे झालं. मग आपण कशाला मरायचं?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तू पिशवी झटकलीस आणि म्हणालीस, "आजपासून तुझ्याशी बोलणार नाही. शील्ड आली की पेढा पाठवीन, तेवढंच."

उत्तर आता देते, ऐक. चालून आणि मीठ तोडूनही प्रेशर येतं, वय आलं की, घराण्यात असलं की येतं, आणि त्याला गोळी लागते. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. हेच तर तू लोकांना दाखवायचं होतंस. लाल कार्ड लावून तू पुढे चालली असतीस ना, तर कोणी मागे राहिलं नसतं. पुढल्या गुरुवारी निम्मी आळी बाकावर असती. तुझ्यामागून लोक शील्डसाठी चालत नव्हते गं. तू दार वाजवायचीस म्हणून चालत होते. एवढं साधं तुला कळलं नाही आणि मला वेळेवर बोलता आलं नाही, हा तुझ्या नशिबाचा डाव.

निकाल लागला, शील्ड आपल्याच आळीची ठरली आणि तू पेढा पाठवलास. विरारहून आलेल्या मुलीच्या हातून, वाटीत, वर झाकण घालून. शब्दाची पक्की. मी खाल्ला नाही. खिडकीत ठेवला आणि तुला तो दिसेल अशी खिडकी उघडी टाकली. तूही बघितलंस आणि मान फिरवलीस. दोघी साठीकडे झुकलेल्या बायका, समोरासमोरच्या खिडक्यांतून पेढ्यावरून भांडत होतो. मुंग्यांनी संपवला तो.

मग ती सकाळ. तू आकडीने चाफ्याची फांदी खाली ओढत होतीस. मी माझ्या वाडीत मोगरा खुडत होते आणि तुझ्याकडे बघत नव्हते, म्हणजे बघतच होते. फांदी सुटून वर गेली आणि तू खाली बसलीस. बसलीस ती एका बाजूला कललीस. मी कुंपण कसं ओलांडलं मला आठवत नाही. तुझं तोंड वाकडं झालं होतं, डोळे माझ्याकडे होते. तू काहीतरी म्हणालीस आणि मला ते कळलं नाही. मी रोज ते जुळवून बघते. शिवी असेल तरी चालेल मला.

हॉस्पिटलात डॉक्टरने विचारलं, "प्रेशरची गोळी चालू होती का?" वसंतभावजी म्हणाले, "नाही हो. तिला काहीच नव्हतं." मी मागून म्हटलं, "होतं." डॉक्टरने आम्हा दोघांकडे बघितलं. भावजींनी मला बाहेर जायला सांगितलं. मी बाहेर गेले, कारण तू आत होतीस आणि तिथे तमाशा नको होता. डोक्यात रक्त सांडलं होतं तुझ्या. तू पुन्हा डोळे उघडले नाहीस.

दहाव्याला कावळा पान ठेवल्या ठेवल्या शिवला. सगळ्यांना बरं वाटलं, म्हणाले मंदाची काही इच्छा राहिली नाही. मला मात्र तिथेच तुला हलवून विचारावंसं वाटलं, काही राहिलं नाही? माझ्याशी बोलायचं राहिलं होतं ना? आणि तेराव्याला तुझ्या आळीने काय केलं ऐक. पानाच्या कोपऱ्यात मीठ वाढलं. चिमूटभर नाही, ढीग. वर पापड, वर तेलात न्हालेली भाजी, वर बुंदीचे लाडू. तुझा फोटो हार घालून समोर आणि वाढपी मिठाची वाटी घेऊन तुझ्यासमोरून फिरतोय. मी माझ्या पानातलं मीठ मुठीत घेतलं आणि विहिरीवर जाऊन टाकून दिलं. सगळे मला आता वेडीच समजतात.

पण हे काहीच नाही. तुझ्या जाण्याने बक्षीस समारंभ पुढे ढकलला होता तो गेल्या रविवारी झाला. रमाकांतने शील्डचं नाव बदललं. आता ती तुझ्या नावाची आहे, मंदाकिनी स्मृती शील्ड. पितळेत तुझं नाव. आणि आळीतर्फे ती घ्यायला बोलावलं कोणाला, तर मला. जिवलग मैत्रीण म्हणून. मी हो म्हटलं. चांगली साडी नेसले, केसात तुझ्या वाडीतला चाफा खोचला.

रमाकांत माइकवर म्हणाला, "मंदाताईंचं जीवन म्हणजे निरोगी जीवनाचा आदर्श. शेवटच्या क्षणापर्यंत त्यांना एकही गोळी घ्यावी लागली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या मरणाला टाळ्या, मंदे.

मी वर गेले. शील्ड एका हातात घेतली, दुसऱ्या हातात माइक. म्हटलं, "एकही गोळी घेतली नाही म्हणूनच गेली. तिला प्रेशर होतं. दाताच्या डॉक्टरला माहीत होतं, मला माहीत होतं, तिच्या नवऱ्याला माहीत होतं आणि रमाकांत, तुला माहीत होतं. तू म्हणालास शिबिरापुरतं थांबूया." माइक बंद झाला. कोणी केला मला बघायची गरज नव्हती. रमाकांत गोड आवाजात म्हणाला, "काकूंना धक्का बसलाय." वसंतभावजी पहिल्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "बस झालं. माझी बायको धडधाकट होती." मी आळीकडे बघितलं. विरारला पाठवलेले, श्राद्धाला गेलेले, कारल्याचा रस प्यालेले सगळे समोर बसले होते. एकानेही मान वर केली नाही. मोठीआई मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

मी शील्ड बगलेत मारली आणि घरी आले. मुंगसाने माझ्या खुराड्याचं दार उचकटलं होतं. शील्ड बरोबर त्या मापाची निघाली. चार खिळे मारले. कोंबड्यांनी पहिल्याच दिवशी मखमलीचा निकाल लावला.

दुसऱ्या दिवशी रमाकांत आला. "काकू, शील्ड द्या ना. पेपरवाले फोटो मागतायत."

"काढ की," मी म्हटलं. "कोंबड्या बाजूला करू का?"

त्याने खुराडं बघितलं. "तुम्ही मंदाताईंचा अपमान करताय."

"तो तुझा करून झालाय. आता माझं ऐक. शील्ड मिळणार नाही. निवडणुकीला तू हात जोडून या आळीत येशील, तेव्हा मी तुझ्याबरोबर फिरेन. प्रत्येक दाराशी तुझ्या शेजारी उभी राहीन. तू म्हणशील मत द्या, मी म्हणेन हा म्हणाला होता शिबिरापुरतं थांबूया. एकही घर सोडणार नाही. क्रुसाची आळीही नाही."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. खरं म्हणजे त्याचंही प्रेशर मोजायला हवं. मोजायला लावीन. पण आधी जरा घाम फुटू दे त्याला.

आणि तुझ्यावरही सूड उगवणार आहे मी, सुटलीस असं समजू नकोस. पुढच्या शिबिराला विहिरीची आळी शेवटची आणणार. माळ्यावर टाकलेलं एकेक माणूस खाली उतरवणार. सुताराला आदल्या दिवशी भात खायला घालून नेणार. सगळ्यांच्या छातीवर लाल कार्डं लावून आपली आळी शाळेच्या मैदानात सगळ्यांत मागे उभी करणार. तुझ्या आळीची नाचक्की करते की नाही बघ. त्यासाठी पहाटे दारं वाजवायचं कामही मीच घेतलंय. पहिल्या दिवशी कोणी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या, माझ्याशी न बोलता चालल्या. चालल्या तरी.

काल गुरुवार होता. मी केंद्राच्या बाकावर बसले होते, शेजारी फिलोमिना, बाकी क्रुसाच्या आळीतली नेहमीची माणसं. आपल्या आळीतून मी एकटीच, तेही नेहमीचंच. बाहेर रिक्षा थांबली. आधी काठी उतरली, मग मोठीआई, आणि त्यांचा दंड धरून वसंतभावजी. भावजींनी माझ्याकडे बघितलं नाही. सिस्टरने मोठीआईंना स्टुलावर बसवलं, हाताला पट्टा गुंडाळला आणि सगळ्यांना विचारते तसं विचारलं, "आजी, घरात आणखी कोणाला प्रेशर आहे का?"

मोठीआईंनी मुलाकडे बघितलं. भावजी जमिनीकडे बघत होते. मोठीआईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या जगाशी ओरडूनच बोलतात, तुला माहीत आहे.

"सुनेला होतं," त्या म्हणाल्या. "मंदाला. गोळी घेतली नाही तिने. त्यानेच गेली."

फिलोमिनाने क्रुसाची खूण केली. वसंतभावजी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसले आणि शर्टाची बाही वर करायला लागले.

ऐकलंस ना मंदे? मी नाही बोलले, तुझ्या घरचं माणूस बोललं. आता तरी अबोला सोड.